माहेरचं खोबरं

"सर, सशाला हार्ट अटॅक येतो का?"

विज्ञान प्रदर्शनाला जमलेल्या आख्ख्या खोलीत हशा पिकला. कॉलेजची मुलं तर बाकांवर हात आपटून हसली. प्रश्न विचारणारी राही नववीतली. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि त्या क्षणी कान रिबिनींहून लाल. हा प्रश्न काही तिच्या मनचा नव्हता. तिची मैत्रीण मथुरा हिने बाहेरच्या पायरीवर पैज लावली होती, "एवढ्या कॉलेजच्या पोरांसमोर हे विचारशील, तर महिनाभर तुझं दप्तर मी वाहीन." राही विचारून मोकळी झाली. मथुरेचं तोंड मात्र तेव्हापासूनच दप्तराखाली वाकल्यासारखं दिसायला लागलं.

मित्रांनो, हे सगळं मी अगदी जवळून पाहिलं, कारण त्या खोलीतल्या एका पिंजऱ्यात मी बसले होते. नाही, मी ससा नाही. मी एक जुनी आंब्याची पेटी आहे.

रत्नागिरीच्या एका वखारीत एकोणीसशे ब्याऐंशीच्या चैत्रात माझा जन्म झाला. सुताराने बारा फळ्या, चार कोपऱ्यांच्या पट्ट्या आणि मूठभर चुका घेतल्या आणि विडी विझायच्या आत मला उभी केली. माझ्या फळ्या रायवळ आंब्याच्या. म्हणजे जे झाड वाटेवर आपलं आपण उगवतं, ज्याची कैरी कोणीही दगड मारून पाडतं, त्याचं मी लाकूड. आणि पोटात काय, तर पेंढ्यात निजलेले पाच डझन हापूस! काय ऐट होती माझी. पण माझी एक फळी चिरलेली निघाली. व्यापाऱ्याने मला उचललं, वळवून पाहिलं आणि म्हणाला, "ही मुंबईला पोचायची नाही." आंबे दुसऱ्या पेटीत गेले. मी वखारीच्या मागे उपडी पडले.

तिथून मला उचललं नाचणकर सरांनी. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांना पेट्या हव्या होत्या त्या सशांच्या बाळंतपणासाठी. सशाच्या मादीचे दिवस भरत आले, की तिच्या पिंजऱ्यात एक पेटी ठेवावी लागते. मादी आपल्या छातीचे केस उपटून पेटीत गादी करते आणि तिथे पिल्लं घालते. पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांच्या अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात. माझ्या चिरलेल्या फळीतून हवा बरी यायची म्हणून माझ्या पोटातली पिल्लं जास्त जगायची. सरांनी एकदा माझ्यावर थाप मारून म्हटलं होतं, "ही पेटी पायगुणाची आहे." त्यांनी काळ्या रंगाने माझ्या अंगावर 'म-चार' असं लिहिलं. म म्हणजे मालगुंड, जवळचंच एक गाव.

कारण असं, की त्या खोलीत सशांची दोन कुळं होती. एक पुण्याहून आणलेलं, पांढरंशुभ्र. दुसरं मालगुंडच्या एका गृहस्थांकडचं, कानांवर काळे ठिपके असलेलं. सरांना एक गोष्ट शोधायची होती. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचते आणि त्यातून हृदयविकार होतो. पण एकाला होतो, शेजाऱ्याला होत नाही, असं का? ते जन्मातून येतं का? माणसांवर हे पाहायचं तर तीन पिढ्या थांबावं लागेल, आणि माणसं काही मोजून दिलेलं तेवढंच खात नाहीत. सशांच्या तीन पिढ्या तीन वर्षांत होतात. म्हणून दोन्ही कुळांना सारखाच भुसा, सारखाच पाला, भुशात मोजून तेवढंच तूप. दर महिन्याला कानाच्या शिरेतून थोडं रक्त काढून त्यातली चरबी मोजायची. त्या चरबीला सर कोलेस्टेरॉल म्हणत. हा शब्द गोदूबाईला तीन वर्षांत एकदाही उच्चारता आला नाही.

गोदूबाई म्हणजे पिंजऱ्यांची खोली सांभाळणारी बाई. झाडलोट तिची, पाणी तिचं, चारा तिचा. सरांनी सशांना आकडे दिले होते, तिने नावं दिली होती. मालगुंडच्या सगळ्यात मायाळू मादीचं नाव चिमा. चिमाची तिन्ही बाळंतपणं माझ्याच पोटात झाली.

आता त्या जानेवारीतल्या प्रदर्शनाकडे परत येते. सर हसले नाहीत. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. जे हसले त्यांच्यापैकी कोणाला उत्तर येतं?"

सरांनी टेबलावरची काचेची बरणी उचलली. तिच्यात मालगुंडच्या एका म्हाताऱ्या नराच्या हृदयापासची मोठी रक्तवाहिनी होती, उभी चिरून उलगडलेली. मी त्या नराला ओळखत होते. एका सकाळी सरांनी त्याला नेलं आणि तो परत आला नाही. हे मी लपवत नाही, कारण ते खरं आहे. सरांचा चेहरा त्या दिवशी उतरलेला होता, हेही खरं आहे. वाहिनीच्या आतून पिवळट थर होता, समईच्या बुडाशी तेल थिजतं तसा. शेजारच्या बरणीतली पुण्याच्या सशाची वाहिनी स्वच्छ होती.

"माणसासारखा छाती धरून पडत नाही ससा," सर म्हणाले. "पण आजार आतून असाच वाढतो. दोघांचं खाणं एकच. तरी मालगुंडच्या सशांच्या रक्तात चरबी तिप्पट. म्हणजे हे कुळातून आलं."

सगळे पुढच्या टेबलाकडे सरकले. राही सरकली नाही. आता तिने जो प्रश्न विचारला त्याला कुणाची पैज नव्हती.

"सर, आजोबा पंचेचाळिसाव्या वर्षी हार्टने गेले, काका चव्वेचाळिसाव्या. मग बाबा?"

"बाबांचं वय काय?"

"त्रेचाळीस."

सरांनी चष्मा काढून पुसला. "त्यांना डॉक्टरांना दाखवा," एवढंच ते म्हणाले. मग बहुधा वाईट वाटून म्हणाले, "तुला आवड असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर येत जा. वजनं करायला मदत कर."

आणि ती येऊ लागली! अहो, काय सांगू, त्या खोलीत तोवर फक्त कुरतडण्याचा आवाज असायचा. राही आली आणि बोलण्याला खंड उरला नाही. ती सशांशी बोलायची, तराजूशी बोलायची, माझ्याशीसुद्धा बोलायची, "म-चार बाई, सरका जरा." मथुरा दप्तर घेऊन दारात उभी राहायची, नाक दाबून.

"चल गो, वास मारतो."

"तुझ्या पैजेचे अजून अकरा दिवस आहेत. उभी राहा."

चिमाला मांडीवर घेऊन राही जे बोलायची ते मात्र हळू असायचं. त्यातूनच मला तिच्या घरचं कळलं. मांडवीला घर. वडील महिपत लाँचवर ड्रायव्हर. धक्क्याच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबतात आणि विचारलं तर म्हणतात, समुद्र बघतोय. "समुद्र काय आज नवीन आला, चिमा?" डॉक्टरकडे जात नाहीत. विडी सोडत नाहीत. म्हणतात, आमच्या घरात पंचेचाळिशीपलीकडे पुरुष जात नाही, मग पथ्य कशाला करा. "गेल्या पावसात आईने दोन माडाची रोपं आणली. बाबांनी परत पाठवली. म्हणाले, माड लागायला सात वर्षं, मी काय बघणार? आणि आता सरांच्या बरणीने पण तेच सांगितलं."

चिमा मिशा हलवत ऐकायची. मी ऐकायचे आणि आतून तडकायचे. कारण मित्रांनो, मला एक गोष्ट ठाऊक होती. ती त्या खोलीत मला, चिमाला आणि गोदूबाईलाच ठाऊक होती.

गोदूबाईचं माहेर मालगुंड.

बस, एवढंच. पहिल्या दिवशी सरांनी पिंजरे उघडून सांगितलं, "हे पुण्याचे, हे मालगुंडचे," आणि गोदूबाईने पदर सावरला. माहेरची मंडळी आली होती! सर यायचे दहाला. ती यायची सातला. यायची ती पदराच्या गाठीत ओल्या नारळाचा खव घेऊन. मालगुंडच्या पिंजऱ्यांसमोर बसून चिमूट चिमूट भरवायची. "खा गो बाय. तो भुसा रोजचाच हाय." पुण्याच्या सशांना काही नाही. ते परके, आणि तिच्या मते आधीच शिष्ट. सरांची चाहूल लागली की उरलेलं खोबरं माझ्या पेंढ्याखाली सारायची. तीन वर्षं, रोज. माझ्या फळ्या खोबऱ्याच्या तेलाने गुळगुळीत झाल्या होत्या. गोदूबाईच्या मनात पाप नव्हतं. सरांनी तिला बजावलं होतं, "यांना वेगळं काही द्यायचं नाही." पण खोबरं म्हणजे वेगळं काही, हे रत्नागिरीत कोणाला पटणार? आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, पोह्यांवर खोबरं. खोबरं घातलं नाही तर वेगळं.

मला तोंड असतं तर मी पहिल्याच महिन्यात बोलले असते. ते काम अखेर मुंग्यांनी केलं.

होळीच्या आधीचा शनिवार होता. राही पेट्या उन्हात टाकत होती. पिंजऱ्यांचे पाय पाण्याच्या डब्यांत असायचे, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्या दिवशी मालगुंडच्या ओळीचे डबे सुकले होते आणि पुण्याच्या ओळीचेही. तरी मुंग्यांची रांग फक्त मालगुंडकडे. राही खाली बसली. रांगेच्या मागोमाग बोट नेत नेत माझ्यापर्यंत आली. माझा पेंढा उपसला, चिरलेल्या फळीत नख घातलं, आणि बाहेर आलं ते नाकाला लावलं.

"गोदूबाई, हे खोबरं कुठून आलं?"

गोदूबाई केरसुणी घेऊन उभी. "कुठचा खोबरा?"

"हा, माझ्या नखातला."

"उंदरान आणला असंल."

"उंदराने खवून आणला?"

गोदूबाई खाली बसली. पदराशी चाळा करत म्हणाली, "म्हायेरची मानसा हत गो ती. माज्या डोळ्यासमोर सुका भुसा चावतात. मी चार घास ओले दिले तर काय झाला?"

"किती दिवस देताय?"

"आली तवापासना."

राही उठून उभी राहिली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. राग होता, आणि रागाच्या खालून आनंद उसळी मारत होता. मालगुंडचं खाणं वेगळं होतं! म्हणजे सरांच्या बरणीतलं खरं नसेल! म्हणजे बाबा...! पण समोर गोदूबाई बसलेली होती, हिची नोकरी गेली तर कुठे जाईल ती?

"मी सरांना सांगणार," राही म्हणाली.

"सरांचा सशांवरचा लेख सोमवारी मुंबईला जायाचा हाय," गोदूबाई म्हणाली.

"म्हणूनच सांगणार. आजच."

गोदूबाईने बराच वेळ चिमाच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "तू नको सांगू. माजा तोंड हाय ना." आणि केरसुणी तशीच हातात घेऊन सरांच्या खोलीत गेली.

दार उघडंच होतं. टाइप केलेला लेख टेबलावर होता. गोदूबाईने सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. सरांनी लेखाचं पहिलं पान उलटं केलं. मग म्हणाले, "गोदूबाई, तीन वर्षांचं खोबरं केलंत हो."

"व्हय सर. नारळ माज्या परड्यातलेच व्हते."

मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण सर एकदम हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी लेख ड्रॉवरमध्ये ठेवला. "तुम्ही रोज सातला येता, मी दहाला येतो. मी एकदाही सातला येऊन पाहिलं नाही. चूक अर्धी माझी आहे." मग पेन उघडून ते म्हणाले, "आजपासून खोबरं बंद. दोन्ही ओळींना चारा राही आणि तुम्ही मिळून वजन करून घालायचा. शाळेच्या दिवशी राहीऐवजी मी सातला येईन. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू."

नोकरी राहिली. पहिले आठ दिवस मालगुंडची मंडळी रुसली होती. गोदूबाई त्यांच्यासमोरून जाताना तोंड फिरवायची. लाकडात मुरलेला खोबऱ्याचा वास जाईना, म्हणून मला पिंजऱ्यातून काढून बाहेर पडवीत टाकलं. माझ्या जागी पत्र्याची नवी पेटी आली. चकचकीत, गार, आणि एका चिरेचीही हवा न येणारी. ते तीन महिने मी एकटी होते. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. पायगुण वगैरे कोणाला आठवत नव्हतं. पण खिडकी माझ्या डोक्यावरच होती, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

जूनमधला एक शनिवार. सर आकडे वाचत होते आणि राही वहीत उतरवत होती. तिला उत्तर हवं होतं ते मला माहीत होतं. दोन्ही कुळं सारखी निघावीत! मग आजोबा, काका, सगळं योगायोग ठरलं असतं.

"पुणे, सरासरी साठ," सर म्हणाले. "मालगुंड आधी एकशे ऐंशी. आता पंचाण्णव."

पेन्सिल थांबली. "साठ नाही?"

"साठ नाही."

"पण खाणं आता सारखं आहे. मी स्वतः मोजलंय, सर. एक एक चिमूट."

"म्हणूनच या आकड्यावर माझा विश्वास आहे. राही, इकडे बघ. पंचाण्णव आणि साठ, हा फरक जन्माचा. तो कुळातून आलाय, तो नाकारून चालणार नाही. पण एकशे ऐंशीवरून पंचाण्णवपर्यंत जे खाली आलं, ते?"

"ते खोबऱ्याचं."

"मोठा तुकडा कोणता?"

राहीने वहीवर आकडेमोड केली. मला खिडकीखालून पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. पंच्याऐंशी. आणि पस्तीस. तिने पंच्याऐंशीभोवती गोल केला असावा, कारण पेन्सिलीचं टोक मोडलं.

"हे सशांचं आहे हं," सर म्हणाले. "माणसाला जसंच्या तसं लावू नकोस. त्यासाठी बाबांचं रक्त बाबांनीच द्यायला हवं."

गोदूबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे सर, माजा म्हायेर थोडा वायट, आणि मी त्याच्यावर खोबरा घातला."

"शास्त्रात याहून बरं वाक्य मला लिहिता येणार नाही," सर म्हणाले.

चिमा म्हातारी झाली होती. तिचं काम संपलं होतं. पण बरणीत तिला जायचं नाही, असं त्या दिवशी कोणीही न बोलता ठरलं. सर म्हणाले, "राही, घेऊन जा हिला. कशातून नेशील?" राही पडवीत आली, कोंबडीला हुसकावलं आणि मला उचललं. "म-चार बाई, चला."

मित्रांनो, ज्या पेटीत एकही आंबा मुंबईला गेला नाही, तिच्यातून एक म्हातारी सशी मांडवीला गेली. वाटेत राही एका हाताने मला धरून होती. मथुरा मागून दोन पिशव्या घेऊन धापा टाकत होती, आणि प्रत्येक पिशवीतून हिरवा कोंब बाहेर आलेला होता.

"पैज फेब्रुवारीत संपली गो माझी," मथुरा ओरडली.

"दप्तराची संपली. रोपांची आज लागली."

आता माझं वय झालंय. चुका गंजल्या आहेत. तुम्हांला एकच सांगावंसं वाटतं. लाकूड कोणत्या झाडाचं मिळावं हे माझ्या हातात नव्हतं. फळी चिरलेली निघाली, तीही जन्मतःच. पण पावसात उघड्यावर पडले असते तर एका वर्षात कुजले असते. कोरड्या जागी ठेवलं, पुसलं, कोणी कोणी वापरलं, म्हणून अजून आहे. आपल्या घरच्या माणसांना एकदा असं वळवून बघा. चिरा शोधायला घाबरू नका. चीर सापडली म्हणून पेटी टाकायचीही नसते.

शेवटचं सांगते आणि गप्प बसते. त्या संध्याकाळी राहीचे बाबा ओटीवर विडी पेटवत होते. आई सगुणा मासे साफ करत होती. राहीने मला ओटीवर ठेवलं. चिमाने डोकं वर काढलं.

"हे काय आणलंस?" बाबा म्हणाले.

"ही चिमा. हिच्या घराण्यातही हार्टचा आजार आहे."

आईच्या हातातली कोयती थांबली. बाबा हसले. "मग काय म्हणते ती?"

"ती म्हणते, तीन महिने पथ्य केलं तर पुष्कळ उतरतं. सगळं नाही उतरत. पुष्कळ उतरतं. आकडे वहीत आहेत, बघा."

"बाय, अगो ससा तो."

"म्हणूनच सशाचं रक्त सशाने दिलं. आता तुमचं तुम्ही द्यायचं." राही उभी होती, चिखलाच्या पायांनी, मथुरेच्या हातून घेतलेल्या पिशव्या दोन्ही हातांत. बाबांनी पिशव्यांतले कोंब पाहिले आणि त्यांची नजर समुद्राकडे वळू लागली. पण राही मध्ये उभी होती.

"आई, बाबा, मी ठरवलंय. सोमवारी सकाळी आपण तिघांनी चहासुद्धा न घेता रक्त तपासायला जायचं. मी पण, कारण मी तुमच्याच घराण्यातली. डॉक्टर जे सांगतील ते तिघांनी पाळायचं. आणि हे दोन माड आत्ता लावायचे. खड्डे मी खणते. पाणी रोज तुम्ही घालायचं, बाबा. सात वर्षं. पहिलं शहाळं तुमच्या हातचं घेतल्याशिवाय मी दुसऱ्या कोणाच्या हातचं पिणार नाही."